‘भूमिपुत्र’ मलायात राजपुत्र कसा झाला

गुहागरचे एक वाचक विचारतात : ‘मुलगा सिंगापुरात नोकरीला आहे. सुट्टीत तो पलीकडे मलेशियात जोहोरला गेला होता. तिथे एका नव्या इमारतीत काही घरं “बुमी लॉट” म्हणून राखून ठेवलेली, फक्त भूमिपुत्रांसाठी. हा शब्द आपलाच का? आणि शेजारी-शेजारी असलेल्या या दोन देशांत अल्पसंख्यांकांना न्यायाने वागवतात का?’

शब्द आपलाच : मलय ‘बुमीपुतेरा’ म्हणजे आपला भूमिपुत्र, आणि ‘बुमी’ हे त्याचंच लघुरूप. पण आधी वेलांटीचं बोलू, कारण हल्ली ‘भूमीपुत्र’ वाचून वाचून डोळे दुखायला लागलेत. भूमी एकटी असली की दीर्घ. समासात पुढे काही जोडलं की ऱ्हस्व. भूमिपूजन, भूमिगत, भूमिपुत्र. मागे राजापुरात मोर्चाच्या आदल्या रात्री एक पोरगा फलक रंगवत बसला होता. त्याला म्हटलं, दुसरी वेलांटी पूस, पहिली काढ. त्याने रॉकेलचा बोळा फिरवला, ओल्या निळ्या रंगाचा ओघळ खालच्या ‘न्याय’वर आला, तोही पुसला आणि न कुरकुरता दोन्ही शब्द पुन्हा काढले. वर्तमानपत्रांना एवढं का जमू नये?

आता मूळ मुद्दा. एका ज्येष्ठ अभ्यासकांनी लिहिलं आहे की हा शब्द रबराच्या मळ्यांवर गेलेल्या तमिळ मजुरांबरोबर मलायात, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पात, पोचला. साफ चूक. मळे इंग्रजी अमदानीतले. सुमात्रात पालेम्बांगजवळ सापडलेला केदुकान बुकितचा शिलालेख सन ६८३चा. लिपी पल्लव, भाषा जुनी मलय, आणि संस्कृत शब्द तेव्हाच तिच्यात मुरलेले. शिवाय तमिळ माणूस ‘पुत्तिरन्’ म्हणतो. मलय म्हणतो ‘पुतेरा’. त्यांना ‘त्र’ सोसत नाही, मध्ये एक स्वर घालतात : मंत्रीचा मन्तेरी, सूत्राचा सुतेरा (म्हणजे रेशीम), स्त्रीची इस्तेरी (म्हणजे बायको). आमची आजी मंत्राला मंतर आणि चित्राला चित्तर म्हणायची, तीच ही खोड. नवऱ्याला ते सुआमी म्हणतात. आणि मला सर्वांत लोभावतो तो ‘पुआसा’, म्हणजे उपवास : मलय मुसलमान रमजानचा रोजा धरतो त्याला हा शब्द वापरतो!

पण खरी गंमत पुतेरात आहे. साध्या मुलाला मलयमध्ये ‘आनाक’ म्हणतात. पुतेरा म्हणजे राजाचा मुलगा. आपला पुत्र समुद्र ओलांडून गेला आणि युवराज झाला. गेल्या शतकाच्या आरंभी डच अमलाखालच्या जावा-सुमात्रात ‘बुमीपुतेरा’ म्हणजे नेटिव्ह, साहेबाच्या पायरीखालचा माणूस. त्या माणसाने स्वतःला राजपुत्र म्हणवून घेतलं यात मोठा मान होता. माझं मत असं, आणि ते कोणी खोडून दाखवावं, की पुढचा सगळा घोळ या शब्दातच पेरलेला होता. मातीचा मुलगा वाटा मागतो. राजपुत्र वारसा मागतो.

मलेशियाच्या घटनेच्या १५३व्या कलमात मलय आणि बोर्निओ बेटावरच्या सबा-सरावाक प्रांतांचे मूळ रहिवासी यांचं ‘विशेष स्थान’ आहे, इतरांच्या रास्त हितसंबंधांचं रक्षणही त्याच कलमात आहे. ‘बुमीपुतेरा’ शब्द मात्र घटनेत नाही. मलय कोण, तर १६०व्या कलमाप्रमाणे इस्लाम मानणारा, मलय बोलणारा, मलय चालीरीती पाळणारा. आणि द्वीपकल्पातले आदिवासी, ओरांग आस्ली, जे सर्वांच्या आधीचे, त्यांचं नाव १५३मध्ये नाही! १३ मे १९६९च्या मलय-चिनी दंगलीनंतर १९७१मध्ये नवं आर्थिक धोरण आलं. कंपन्यांच्या भांडवलात भूमिपुत्रांचा वाटा ३० टक्क्यांवर न्यायचं ठरलं. मलय खेड्यांतलं दारिद्र्य खरं होतं, मदत हवीच होती. पण मळ्यावरच्या तमिळ मजुराची चौथी पिढीही तितकीच गरीब असून त्या वाट्याबाहेर राहिली. याला मी न्याय म्हणणार नाही.

सिंगापूर १९६५मध्ये वेगळं झालं. तिथे बहुसंख्य चिनी, पण राष्ट्रभाषा मलय, राष्ट्रगीत मलय. घटनेचं १५२वं कलम मलयांना भूमीचे मूळ लोक मानतं आणि अल्पसंख्याकांची काळजी सरकारवर टाकतं. सरकारी घरांत वंशवार मर्यादा आहे, १९८९पासून, वस्त्या वेगळ्या पडू नयेत म्हणून. हेतू चांगला. पण भारतीयांची मर्यादा भरलेल्या इमारतीतल्या चिनी मालकाला घर भारतीयाला विकता येत नाही, आणि चिन्यांची भरली असेल तर मलय मालकाला चिनी सोडून गिऱ्हाईक शोधावं लागतं. गिऱ्हाईक थोडी, म्हणून भाव पडतो. तरी मलेशियापेक्षा मी याला वरचे गुण देईन.

आता आपल्याकडे या. ३० जुलै २०२१ला गोव्याच्या विधानसभेने ‘भूमिपुत्र अधिकारिणी’ विधेयक मंजूर केलं. त्यात ३० वर्षं राहिलेला तो भूमिपुत्र! गावडा, कुणबी, वेळीप समाजांतून विरोध झाला : आमची ओळख अशी वाटता काय? शेवटी मुख्यमंत्र्यांना तो शब्द वगळण्याची घोषणा करावी लागली. एकीकडे चार पिढ्या पुरत नाहीत, दुसरीकडे ३० वर्षं पुरतात. शब्द तोच.

पुराणातला भूमिपुत्र कोण, हे तर आपण साफ विसरलो. नरकासुर. भौमासुर म्हणतात त्याला, भूमीचाच मुलगा. चतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी आपण अंगठ्याने कारीट चिरडतो ते त्याच्या नावाने. आणि अथर्ववेदातलं ‘माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः’ म्हणा : त्यात ‘अहं’ आहे, दाखला मागितलेला नाही. जो म्हणेल तो पुत्र.

आमच्या शेजारच्या आंब्याच्या बागेत नेपाळी राखणदार आहे. वानरं आली की बेचकी घेऊन धावतो. त्याची धाकटी इथेच जन्मली, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे, बापाशी नेपाळी आणि आमच्याशी अस्सल इथली बोली बोलते. परवा पाटीवर तिने भूमी लिहिलं, वेलांटी बरोबर.

आणि वाचकहो, ‘अल्पसंख्यांक’ नव्हे. अल्प आहे संख्या ज्यांची ते अल्पसंख्याक. शेवटी ‘क’ प्रत्यय. अंकाचा इथे काही संबंध नाही, अनुस्वार काढा.