आव कोणी आणला, आणि कशाचा?

प्रश्न असा आला आहे : कलात्मक छायाचित्रांबद्दल बोलताना 'प्रिटेन्शस' हा शब्द सारखा तोंडी येतो. मराठीत त्याला 'दुर्बोध' म्हटलं तर चालेल का? आणि त्याच्या उलट 'अ‍ॅक्सेसिबल' असेल, तर त्याला काय म्हणायचं?

'दुर्बोध' चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दुर्बोध म्हणजे कळायला कठीण. त्यात कोणावर आरोप नाही. 'प्रिटेन्शस' म्हणताना आपण आरोप करत असतो, आणि त्यासाठी मराठीत फार नेमका वाक्प्रचार आहे : आव आणणे.

या वाक्प्रचाराचं व्याकरण बघा. 'आणणे' या क्रियापदाला कर्ता लागतो, आणि 'आव' नेहमी कशाचा तरी असतो : विद्वत्तेचा, दुःखाचा, साधेपणाचासुद्धा. फोटो आपण होऊन आव आणू शकत नाही. 'हा फोटो प्रिटेन्शस आहे' असं म्हणून मोकळं होता येतं, पण मराठीत 'कोणी' आणि 'कशाचा' या दोन जागा भराव्या लागतात. त्या भरता येत नसतील, तर बहुधा आपल्याला 'मला कळलं नाही' एवढंच म्हणायचं असतं. ते सरळ म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

एक उदाहरण घेऊ. खिडकीपाशी रिकामी खुर्ची, तिच्यावर तिरपं ऊन, एवढाच फोटो. खाली टिपण : 'अवकाश आणि अनुपस्थिती यांच्यातील द्वंद्वाची दृश्य-चिकित्सा'. आता त्याच फोटोखाली लिहा : 'आई गेल्यावर तिची खुर्ची आम्ही हलवली नाही.' फोटो तोच, ऊनही तेच, पण आता आपण त्या खुर्चीकडे खरोखर बघतो. आव होता तो टिपणात. अशा टिपणासाठी 'शब्दावडंबर' हा चांगला शब्द मराठीत आहेच. 'अवडंबर'चं नातं संस्कृत 'आडंबर'शी आहे आणि आडंबराचा एक अर्थ नगारा असाही आहे. या टिपणाला तो अर्थही शोभतो.

दुर्बोध नसलेल्या फोटोंवरही लोक चिडतात, म्हणून 'दुर्बोध' आणि 'प्रिटेन्शस' हे दोन शब्द वेगळे ठेवणं मला महत्त्वाचं वाटतं. विल्यम एगल्स्टन यांच्या रंगीत छायाचित्रांचं प्रदर्शन 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये झालं, तेव्हा समीक्षक हिल्टन क्रेमर यांनी ती कंटाळवाणी ठरवली. त्यातलं एक छायाचित्र लहान मुलाच्या तिचाकी सायकलचं होतं, जवळजवळ जमिनीला टेकून काढलेलं. त्यात न कळण्यासारखं काय आहे? सायकल कोणालाही कळते. 'यात एवढं बघण्यासारखं काय' ही तक्रार 'बोध'च्या नव्हे, 'मोला'च्या बाजूची आहे. तिथे 'दुर्बोध' म्हटलं की वाद भलतीकडेच जातो.

'अ‍ॅक्सेसिबल'साठी 'सोपा' नको, त्याला उथळपणाचा वास येतो. 'सुबोध' लेखाला, भाषणाला बरा. छायाचित्रासाठी मी 'सुगम' सुचवेन. त्यात 'गम्' धातू आहे, म्हणजे जाणं : जिथे सहज जाता येतं ते सुगम. आत गेल्यावर सगळं एका नजरेत संपलं पाहिजे अशी अट त्या शब्दात नाही. एगल्स्टन यांची सायकल मला सुगम वाटते. नजर आत जायला काही अडत नाही, आणि गेल्यावर सायकल मागच्या घरांहून मोठी दिसते, तिथे नजर बराच वेळ रेंगाळते. 'सुगम संगीत' आपण म्हणतोच, मग 'सुगम छायाचित्र' का नको?

तेव्हा 'हे प्रदर्शन प्रिटेन्शस होतं' याऐवजी मी लिहीन : 'छायाचित्रं सुगम होती, टिपणांत मात्र छायाचित्रकाराने तत्त्वज्ञानाचा आव आणला होता.' आणि टिपणं दुसऱ्याच कोणी लिहिली असतील, तर कर्ता तेवढा बदलावा.