ईस्टर हे नाव कुठून आलं आणि तारीख दरवर्षी का सरकते?

प्रश्न : आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय की ईस्टर हा मुळात बाबेलच्या इश्तार देवीचा सण, ख्रिश्चन लोकांनी नाव बदलून घेतला, अंडी न् ससे पण तिचेच. शेजारचं कुटुंब ईस्टरला पहाटे कब्रस्तानात उपासनेला जातं, पण त्यांना विचारायला संकोच वाटतो. नाताळ कायम २५ डिसेंबरला, मग ईस्टरचीच तारीख का बदलते?
— एक वाचक, जालना

उत्तर : मेसेज चुकीचा आहे, कृपा करून पुढं पाठवू नका. इश्तार आणि ईस्टर सारखं वाटतं ते इंग्रजी कानाला, पण येशू मरणातून पुन्हा उठला त्याचा हा सण सुरू झाला अरामी आणि ग्रीक बोलणाऱ्या लोकांत आणि ते त्याला पास्खा म्हणायचे, ग्रीकमध्ये आजही पास्खाच आहे, स्पॅनिशमध्ये पास्कुआ, आणि लांब कशाला जायचं, गोव्यात कोकणीत पास्कांचं फेस्त. इश्तारची जोडणी बरीच नंतरची, १९व्या शतकात अलेक्झांडर हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं ती मांडली आणि तिथून ती पसरली.

पास्खा म्हणजे मराठी बायबलातला वल्हांडण, यहुदी लोकांचा सण. इजिप्तच्या गुलामीतून सुटायच्या रात्री इस्राएली लोकांनी कोकरू कापून रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि वरच्या पट्टीला लावलं, आणि जिथं रक्त दिसलं ते घर ओलांडून मरण पुढं गेलं, बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात हे सगळं आहे. येशूला क्रुसावर दिलं ते याच सणाच्या दिवसांत, म्हणून पौल या प्रेषितानं ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं की ख्रिस्त हाच आपला वल्हांडणाचा कोकरा. हे पत्र पहिल्या शतकातलं! म्हणजे सणाचं मूळ इथं आहे, बाबेलात नाही.

मग ईस्टर शब्द? इंग्लंडमधल्या बीड नावाच्या संन्याशानं ७२५ साली लिहून ठेवलंय की तिकडं वसंतातल्या एका महिन्याला एओस्टुरमोनाथ म्हणत, ते नाव एओस्ट्रे देवीवरून होतं, आणि सण त्या महिन्यात यायचा म्हणून लोक सणालाही तेच म्हणू लागले. आपण नाही का 'आषाढीला पंढरपूरला चाललो' म्हणत, महिन्याचं नाव एकादशीलाच चिकटलं, पण विठ्ठलाची भक्ती काही आषाढ या शब्दातून निघाली नाही, तसंच हे. त्या देवीबद्दल बीडनं एवढंच लिहिलंय, अंडी-ससे तिथं कुठंच नाहीत. ईस्टरआधीच्या ४० दिवसांच्या उपवासात जुन्या काळी अंडी वर्ज्य असायची, ती साठायची आणि सणाला निघायची. ससा जर्मनीतला, बराच अलीकडचा.

आता तारीख, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं कारण हे पंचांगवाल्या माणसाला लगेच कळतं. यहुदी महिनासुद्धा अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळं १४ तारखेच्या आसपास पौर्णिमा, आणि वल्हांडण त्याच पौर्णिमेचा सण. सुरुवातीला आजच्या तुर्कस्तानातल्या मंडळ्या वार कुठलाही असो १४ तारीखच पाळायच्या, बाकीचे म्हणायचे प्रभू उठला रविवारी म्हणून रविवारच हवा, यावरून बरीच भांडणं झाली आणि शेवटी ३२५ साली बिशपांच्या निकाया परिषदेत ठरलं की सगळ्यांनी एकाच रविवारी पाळायचा. आजचा हिशोब असा की २१ मार्चला किंवा नंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा, पौर्णिमाच रविवारी पडली तर एक आठवडा पुढं. म्हणून तारीख २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये फिरते.

घरचं कॅलेंडर काढून बघा. २०२३ ला हनुमान जयंती ६ एप्रिलला आणि ईस्टर ९ ला, म्हणजे पौर्णिमा चैत्राचीच. पण त्या वर्षी अधिक श्रावण आला, त्यामुळं २०२४ चा चैत्र उशिरा गेला आणि २१ मार्चनंतरची पहिली पौर्णिमा निघाली फाल्गुनाची, धूलिवंदन २५ मार्चला आणि ईस्टर लगेच ३१ मार्चला. चर्च पौर्णिमा स्वतःच्या जुन्या कोष्टकावरून धरतं, त्यामुळं कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. ग्रीस-रशियाकडचं ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन कॅलेंडरनं मोजतं म्हणून त्यांचा ईस्टर बऱ्याचदा नंतर येतो, २०२५ ला मात्र दोघांचा २० एप्रिललाच होता.

शेजाऱ्यांना बिनधास्त विचारा. पहाटेची उपासना यासाठी की शुभवर्तमानात बाया पहाटेच कबरेकडं गेल्या आणि कबर रिकामी दिसली. भेटल्यावर 'प्रभू उठला आहे' म्हणतात, समोरचा म्हणतो 'खरोखर उठला आहे'. तुम्ही नुसतं ईस्टरच्या शुभेच्छा म्हणालात तरी चालतंय.