कंसातलं अमेरिकन नाटक

सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकन नाटकावरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. पहिलं प्रकरण वास्तववाद, दुसरं अभिव्यक्तिवाद (पात्राच्या मनातलं रंगमंचावर उघड दाखवणारी शैली), तिसरं नाटककार आर्थर मिलर आणि ‘अमेरिकन ड्रीम’ (कष्टाने कुणीही वर येतो, हे स्वप्न), चौथं समारोप. पास होशील, त्यात शंका नाही. पण तू एकांकिका बसवणारी मुलगी आहेस आणि या आराखड्यात रंगमंच कुठेच नाही. ही नाटकं कुणी कुठे उभी केली, तिथे किती जागा होती, भिंती होत्या की नव्हत्या, याबद्दल एक ओळ नाही.

म्हणून एकच सुचवतो. संवाद बाजूला ठेव आणि आधी रंगसूचना वाच. तिरप्या टायपातला, कंसातला तो मजकूर परीक्षेसाठी नाटक वाचणारे हटकून गाळतात. अमेरिकन नाटकात गेल्या शंभर वर्षांत जे बदललं, त्यातलं बरंचसं आधी तिथे बदललं आणि मग संवादात उतरलं, असं माझं मत आहे. पटलं नाही तर खोडून काढ, पण वाचून खोड.

सुरुवात नाटककार ओ’नीलपासून करू नकोस, नाटककार सुझन ग्लास्पेलपासून कर. मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउन या गावी, समुद्रात गेलेल्या धक्क्यावरच्या एका जुन्या लाकडी शेडमध्ये काही हौशी मंडळी नाटकं करत होती. 1916 च्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याने, जॉर्ज क्रॅम कुकने, पुढचं नाटक सुझनचं म्हणून परस्पर जाहीर करून टाकलं. ही बाई त्या शेडमध्ये पाठ नसलेल्या बाकावर एकटी जाऊन बसली आणि मोकळ्या रंगमंचाकडे बराच वेळ बघत राहिली. काही वेळाने त्या जागी तिला स्वयंपाकघर दिसू लागलं, असं तिने स्वतः लिहून ठेवलं आहे. आधी जागा दिसली, माणसं नंतर आत आली. पूर्वी आयोवात वार्ताहर असताना तिने एका शेतकऱ्याच्या खुनाच्या खटल्याच्या बातम्या दिल्या होत्या. आरोपी त्याची बायको होती. ती आठवण या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका झाली.

ही एकांकिका हातात पेन्सिल घेऊन वाच. टेबल अर्धंच पुसलेलं. पाव डब्याबाहेर. भांडी न धुता सिंकखाली सारलेली. शेरीफ आणि सरकारी वकील एकदा नजर टाकतात, इथे काय, स्वयंपाकघरातल्याच वस्तू, असं म्हणून पुरावा शोधायला माडीवर जातात. बरोबर आलेल्या दोघी बायका खालीच थांबतात. गोधडीचे तुकडे चाळताना त्यांना दिसतं, की सगळी शिवण सुबक आहे आणि एकाच तुकड्यात टाके वेडेवाकडे पडलेत. मिसेस हेल काही न बोलता ते टाके उसवते आणि पुन्हा नीट घालायला घेते. कायद्याच्या भाषेत तिने पुरावा नष्ट केला, आणि तो आपल्यासमोर, सुईदोऱ्याने. पुढे मोडलेला पिंजरा सापडतो, मग मान मुरगळलेला कॅनरी पक्षी. जिच्यावर खुनाचा आळ आहे ती मिनी राइट शेवटपर्यंत रंगमंचावर येत नाही. सगळा खटला कंसातल्या कृतींमध्ये चालतो. वीस-पंचवीस मिनिटांचा ऐवज आहे, तुझ्या ग्रुपला सहज झेपेल.

त्याच उन्हाळ्यात, त्याच शेडमध्ये युजीन ओ’नीलची पहिली एकांकिका झाली. त्याचे वडील जेम्स ओ’नील हे मोठे नट. ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ची एकच भूमिका त्यांनी गावोगाव हजारो वेळा केली, पैसा कमावला आणि त्यातच अडकले. त्या काळचा व्यावसायिक रंगमंच हा असा होता: स्टार नट, रंगवलेले पडदे, हमखास टाळीची जागा. मुलाला तो नको होता. नट आणि निर्माते आपलं नाटक वाकवतील या धास्तीने तो कंसांमध्ये पानंच्या पानं लिहू लागला, असं मला वाटतं. 1920 च्या ‘द एम्परर जोन्स’मध्ये त्याने नगाऱ्याची लयसुद्धा ठरवून दिली: सुरुवात मिनिटाला 72 ठोक्यांनी, म्हणजे माणसाच्या नाडीच्या गतीने, आणि मग वेग वाढत वाढत जवळपास अखेरपर्यंत अखंड. अभिव्यक्तिवादावर तू जी दहा पानं लिहिणार आहेस, ती या एका सूचनेत आहेत.

त्याचं सर्वांत मोठं नाटक ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’. 1941 मध्ये लिहून झालं. आपल्या मृत्यूनंतर 25 वर्षं छापू नका, अशी त्याची इच्छा होती, कारण त्यात त्याचं स्वतःचं घर आहे. तो 1953 मध्ये गेला, बायकोने 1956 मध्ये छापू दिलं, आणि पहिला प्रयोग झाला तो स्टॉकहोममध्ये, स्वीडिश भाषेत. या नाटकाचं पहिलं पान घे. दिवाणखान्यात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. छोट्या कपाटात नीत्शे, मार्क्स, इब्सेन, स्ट्रिंडबर्ग. काचेच्या मोठ्या कपाटात ड्यूमा, ह्यूगो आणि शेक्सपिअरचे तीन संच. एकही पात्र आत आलेलं नाही, आणि बाप-लेकांचं भांडण मांडून झालं. शिवाय दोन्हीकडची पुस्तकं वाचून वाचून जुनी झालेली दिसावीत, अशी सूचना आहे. प्रेक्षागृहातून पुस्तकाचा कणा कुणाला दिसणार? नटाला दिसतो. तुझ्या तालमींमध्ये ‘हे कुठे दिसणार आहे’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

1930 च्या दशकात फार रेंगाळू नकोस. ‘ग्रुप थिएटर’ ही नाट्यसंस्था आणि क्लिफर्ड ओडेट्सचं 1935 चं ‘वेटिंग फॉर लेफ्टी’ बघ. त्यात प्रेक्षागृहच टॅक्सीवाल्यांची सभा होतं. सरकारी पैशाचं ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, 1939 मध्ये बंद पाडलं, तेवढी नोंद घे. थॉर्नटन वाइल्डरचं ‘अवर टाउन’ मात्र सोडू नकोस. 1938 मध्ये त्याची पहिलीच सूचना आहे की पडदा नाही, नेपथ्य नाही. ओ’नीलच्या भरगच्च दिवाणखान्यासमोर हे ठेवून बघ.

आता मिलर. ‘डेथ ऑफ अ सेल्समन’वर अमेरिकन ड्रीमबद्दल लिहिलेलं इतकं आहे, की तू आणखी भर घातली नाहीस तरी चालेल. त्याऐवजी भिंतींवर लिही. विली लोमनचं घर म्हणजे नुसता सांगाडा. वर्तमानातला प्रसंग चालू असताना नट नसलेल्या भिंती पाळतात, दारातूनच येतात-जातात. प्रसंग भूतकाळात गेला की सरळ भिंतीतून चालत पुढे येतात. प्रकाश बदलतो, बासरी ऐकू येते, पण नियम पायांनी कळतो. मिलरच्या मनात आधी नाव होतं ‘द इनसाइड ऑफ हिज हेड’, आणि कल्पना होती रंगमंचाएवढ्या उंच चेहऱ्याची, जो उघडतो आणि आतलं डोकं दिसतं. तो चेहरा गेला आणि हा भिंतींचा नियम राहिला. आणखी एक बघ: स्वयंपाकघरात टेबल, तीन खुर्च्या आणि फ्रिज, बाकी काही नाही. त्या फ्रिजचे हप्ते अजून फिटलेले नाहीत आणि तो बिघडतोय. एखादी तरी वस्तू मोडण्याआधी पूर्णपणे आपली व्हावी, असं विली वैतागून म्हणतो. तुझं तिसरं प्रकरण त्या फ्रिजपाशी सुरू होऊ शकतं.

हे काम मिलरने एकट्याने केलं नाही. 1945 चं ब्रॉडवेवरचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरचं ‘ग्लास मेनाजरी’, 1947 चं ‘स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ आणि 1949 चं ‘सेल्समन’, तिन्हींचं नेपथ्य जो मिल्झिनरचं. शेवटच्या दोन्हींचा दिग्दर्शक इलिया कझान. टेनेसी विल्यम्सच्या ‘स्ट्रीटकार’मध्ये ऐन वेळी मागची भिंत पारदर्शक होते आणि रस्त्यावरची मारामारी घरात दिसू लागते. ‘पोएटिक रिअ‍ॅलिझम’ (काव्यात्म वास्तववाद) हे लेबल लावताना या नेपथ्यकाराचं नाव बहुतेक पुस्तकांतून गळतं. तू गाळू नकोस.

विल्यम्सबाबत दोन सावधगिरीच्या गोष्टी. ‘ग्लास मेनाजरी’च्या संहिता दोन आहेत. एकीत पडद्यावर शब्द आणि चित्रं झळकतात, प्रयोगासाठीच्या आवृत्तीत तो पडदाच नाही. कुठली वाचतेस ते आधी बघ. दुसरं, ‘स्ट्रीटकार’चा 1951 चा सिनेमा बघून नाटकावर लिहू नकोस. सेन्सॉरच्या दबावामुळे सिनेमात स्टेला नवऱ्याकडे परत न जाण्याचं ठरवते, नाटकात ती रडत त्याच्याच मिठीत राहते. सगळा अर्थ तिथे फिरतो. तेंडुलकरांनी हे नाटक ‘वासनाचक्र’ नावाने मराठीत आणलं आहे. मिळालं तर शेजारी ठेव.

तुझ्या आराखड्यात एकही कृष्णवर्णीय लेखक नाही, हे मला खटकलं. लॉरेन हॅन्सबरीचं ‘अ रेझिन इन द सन’ 1959 मध्ये ब्रॉडवेवर आलं. कृष्णवर्णीय स्त्रीचं तिथे झालेलं हे पहिलं नाटक. शिकागोच्या साउथ साइडमधली ती खोली वाच: गालिच्याचा झिजलेला भाग झाकायला टेबल-खुर्ची सरकवली आहे, तर गालिचा दुसरीकडे झिजून सूड उगवतोय. वस्तूंना एवढा स्वभाव देणारी रंगसूचना मी क्वचितच वाचली आहे. गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतल्यामुळे तिच्या वडिलांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं होतं, 1940 मध्ये निकाल लागला. ही खोली ऐकीव नाही. त्याच्या जोडीला ऑगस्ट विल्सनचं ‘फेन्सेस’ ठेव. अंगणात झाडाला चिंध्यांचा चेंडू टांगलेला, बुंध्याला बॅट टेकवलेली, कुंपण अर्धवट. विसाव्या शतकाच्या एकेका दशकावर एकेक अशी त्याने दहा नाटकं लिहिली, त्यातली नऊ पिट्सबर्गमधली.

पुढचा काळ तुला आपोआप आवडेल. एडवर्ड आल्बीचं ‘झू स्टोरी’ म्हणजे बागेतला बाक आणि दोन माणसं. त्याचा पहिला प्रयोगसुद्धा न्यूयॉर्कमध्ये नाही, 1959 मध्ये बर्लिनला झाला. नाटककार सूझन-लोरी पार्क्सच्या संहितेत कधी कधी नुसती पात्रांची नावं एकाखाली एक येतात, संवाद नाहीच. त्या जागेला ती ‘स्पेल’ म्हणते. तिथे काय करायचं ते नटाने शोधायचं. ओ’नीलने कंसात सगळं भरलं होतं, हिने कंसही काढून टाकला.

एवढं सगळं प्रबंधात मावणार नाही आणि कोंबूही नकोस. ‘ट्रायफल्स’, ‘सेल्समन’ आणि ‘रेझिन’ ही तीनच घे, तिन्ही घरातली आहेत. चौकटीच्या कागदावर प्रत्येकाचा रंगमंच आख, दारं-खिडक्या दाखव, आणि कोण कुठून येतं ते बाणांनी काढ. एक पात्र कुठल्या वस्तूला किती वेळा हात लावतं ते मोज. लेखनाला त्यानंतर बस. महिनाअखेर मला प्रकरण नको, ते तीन नकाशे पाठव. पेन्सिलचे चालतील.

तुझा,
सर