बारावी कॉमर्स झालेल्या माणसाने गणित-विज्ञानावर वाद घालावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: "माझं शिक्षण बारावी कॉमर्स. गणित-विज्ञानातल्या शंका विचारल्या की लोक म्हणतात, आधी पुस्तकं वाच, मग बोल. आम्हा न शिकलेल्यांनी आपसात असा वाद घालून काही हाती लागतं का?"

लागतं. मी आयटीआय टर्नर. कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवर वीस वर्षं झाली. माझ्या हाती जे लागलं ते एका वादातूनच लागलं, म्हणून तो वादच सांगतो.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर आमची बैठक असते. एक निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही सर म्हणतो. एक म्हशी पाळणारे दादा, शाळा सातवीपर्यंत. मी, आणि आणखी एक-दोघं. विषय निघाला किरणोत्सवाचा. बाहेरच्यांसाठी सांगतो: अंबाबाईचं देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून येतात आणि गरुड मंडप, पितळी उंबरा ओलांडत थेट देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात. वर्षातून दोनदा, ठरल्या तारखांना.

सरांनी बोटांवर हिशेब मांडला. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला जातो आणि मागे फिरतो. तिथून मागे ४१ दिवस मोजले की १० नोव्हेंबर, पुढे ४२ मोजले की १ फेब्रुवारी. जाताना ज्या जागी मावळतो, परत येताना त्याच जागी मावळणार. म्हणून देवळात किरणं दोनदा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दादांनी नाही डोलावली. म्हणाले, "सर, सूर्य त्याच वाटेवर असेल तर घड्याळ वेगळं का बोलतंय? नोव्हेंबरात पावणेसहाला किरणं आत येतात, फेब्रुवारीत सव्वासहाला. मी दोन्ही वेळा धार काढून येतो, मला वेळ पक्की ठाऊक आहे."

कुणीतरी म्हणालं, थंडीत दिवस लहान असतो म्हणून. दादा म्हणाले, "मग दोन्ही वेळा सारखाच लहान पाहिजे की." यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. खरंच होतं त्यांचं. १० नोव्हेंबरला आमच्याकडे सूर्य साधारण सहाला मावळतो, १ फेब्रुवारीला साडेसहाच्या आसपास. हा अर्धा तास इतकी वर्षं सगळ्या कोल्हापूरच्या डोळ्यांसमोर होता, आणि तो विचारला एका म्हशीवाल्याने.

पुढचे दोन दिवस नुसता आवाज चढत गेला. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, कोण चुकला हे कशावरून ठरवायचं ते आधी लिहा. सगळ्या गोष्टीत मला मोलाची वाटते ती ही जागा. कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं: उन्हात काठी उभी करायची. तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरेल ती वेळ टिपायची, दुपारी बाहेर पडेल ती टिपायची. सूर्य दोन्ही महिन्यांत एकाच वाटेने जात असेल, तर या दोन वेळांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं येईल. वेगळं आलं तर सर चुकले. खाली सरांनी सही केली, दादांनीही.

काठीचं काम माझ्याकडे आलं. १२ मिलिमीटरचा एमएस बार, म्हणजे साध्या पोलादाची सळई, घेतला, टोक लेथवर निमुळतं केलं, उंची बरोबर ३० सेंटिमीटर ठेवली. गच्चीवर प्लेट टाकून स्पिरिट लेव्हलने सपाट केली, बार ओळंब्याला लावला. कागदावर वर्तुळ येण्याआधी पहिला बेत असा होता की सर्वांत आखूड सावली कधी पडते ते बघायचं. तो फसला होता. भर दुपारी सावलीची लांबी दहा मिनिटं हलल्यासारखी वाटतच नाही, शिवाय टोक धूसर. म्हणून सरांनीच वर्तुळाचा मार्ग सुचवला होता. जुन्या ज्योतिषग्रंथांतला शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, तो हाच. दिशा साधायला त्याच वर्तुळाचा उपयोग करत. सकाळी आणि दुपारी टोक चांगलं पळत असतं, त्यामुळे वेळ मिनिटावर धरता येते.

वर्तुळाची त्रिज्याही ३० सेंटिमीटर. १० नोव्हेंबरला टोक आत शिरलं १० वाजून १६ मिनिटांनी, बाहेर पडलं २ वाजून १८ मिनिटांनी. मधला काळ ४ तास २ मिनिटं, आणि त्याचा मध्य १२ वाजून १७ मिनिटं. १ फेब्रुवारीला आत १० वाजून ४६, बाहेर २ वाजून ४७. मधला काळ ४ तास १ मिनिट, मध्य साधारण १२ वाजून साडेसेहेचाळीस.

कागदाकडे बघत मी किती वेळ बसलो असेन. सर बरोबर होते, वाट एकच. दादाही बरोबर होते, पण अख्खा दिवसच घड्याळावर अर्धा तास पुढे सरकला होता. नुसता सूर्यास्त नव्हे, मध्यान्हसुद्धा.

कारण नंतर पुस्तकात सापडलं, आणि प्रश्न आधी पडलेला होता म्हणून एका बैठकीत समजलं. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशावर. कोल्हापूर ७४.२ अंशाच्या जरा पुढे. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपली सरासरी मध्यान्ह १२ वाजून ३३ ला पडायला हवी. पण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जोरात पळते. त्यात अक्ष साडेतेवीस अंश कललेला. दोन्ही मिळून, एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंतचा काळ दर दिवशी बरोबर २४ तास नसतो. डिसेंबरअखेरीस तो जवळजवळ अर्धा मिनिट जास्त असतो. १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी ८३ दिवस होतात, दिवसाला सरासरी २१ सेकंद धरले तर साधारण एकोणतीस मिनिटं. आमच्या गच्चीवरचा आकडाही जवळपास तोच होता!

आता तुमच्याबद्दल. "आधी पुस्तकं वाच" म्हणणाऱ्यांचं निम्मं खरं आहे. पुस्तक लागतंच, त्याच्याशिवाय आम्ही तिथेच गोल फिरत बसलो असतो. पण ती अट प्रश्नाच्या आधी घालणं मला मुळीच पटत नाही. गणितज्ञ द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते, पदव्युत्तर पदवी नव्हती, आणि १९४९ साली त्यांनी ६१७४ शोधला. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते आणि चढते मांडून वजा करा, परत तेच करा. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येऊन थांबतं. दादांनी हे दुधाच्या पावतीमागे स्वतः करून बघितलं आणि मगच मानलं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर तर कोल्हापुरातच जन्मले, १९३८ साली. मुलांनी सही मागितली की ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तरासोबत सही येईल. इतका मोठा माणूस मुलांकडून आधी प्रश्न मागायचा.

एक मात्र करा. ज्याच्याशी वाद घालायचा, त्याला आधी विचारा: काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल? उत्तर नसेल तर नमस्कार करून उठा. बिनइंधनाच्या इंजिनावर मी एका माणसाशी असाच एक अख्खा पावसाळा घालवलाय, त्यातून काहीच निघालं नाही.

दादांचा नवा प्रश्न सध्या कट्ट्यावर आहे. परंपरेने सांगतात, पहिल्या दिवशी किरणं चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, आणि दोन्ही वेळा क्रम हाच. दादा म्हणतात, नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला चाललेला असतो आणि फेब्रुवारीत उत्तरेला परततो, मग फेब्रुवारीत क्रम उलटा नको का? सर म्हणतात, किरणं रोज संध्याकाळीसुद्धा खालून वर चढतात, ते आधी वेगळं काढा. या खेपेला कॅलेंडरच्या पाठीवर दादांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, आणि पहिली सही त्यांची आहे.