वाचकांचे प्रश्न : नव्या वर्षात नोकरी शोधताना

प्रश्न : मी बुटीबोरीतील एका कारखान्यात लेखा विभागात नोकरी करतो. येत्या १४ जूनला तिथे पाच वर्षे पूर्ण होतील. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये मिळतात आणि नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे. पगारवाढ नावापुरतीच होत असल्याने या वर्षी नोकरी बदलायचे ठरवले आहे, पण रिझ्युमे पाच वर्षांपूर्वीचा आहे. जानेवारीत भरती जोरात असते, तेव्हा आत्ताच अर्ज करून फेब्रुवारीत राजीनामा द्यावा, असे मित्र सांगतात. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नोकरी बदलण्याचा आपला विचार योग्यच आहे, मात्र फेब्रुवारीतल्या राजीनाम्याला माझा स्पष्ट विरोध आहे. कायम कर्मचाऱ्याला राजीनामा देताना ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेबद्दल कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम) मिळण्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते, आणि आपण त्या उंबरठ्यावर उभे आहात. मूळ पगार व महागाई भत्त्याच्या रकमेला २६ ने भागून १५ ने गुणले की एका वर्षाची ग्रॅच्युइटी निघते. आपल्या बाबतीत ती १५,००० रुपये, म्हणजे पाच वर्षांची ७५,००० रुपये होते. फेब्रुवारीत राजीनामा दिलात तर एप्रिलमध्ये मोकळे व्हाल आणि अवघ्या दोन महिन्यांसाठी ही रक्कम हातची जाईल. पाचव्या वर्षी २४० दिवस भरले तरी पुरेसे आहे, असा अर्थ काही न्यायालयीन निकालांनी लावला आहे हे खरे, परंतु हक्काच्या पैशासाठी जुन्या कंपनीशी वाद घालत बसण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. एप्रिलच्या उत्तरार्धात राजीनामा दिल्यास नोटीस जूनच्या उत्तरार्धात संपेल, असे कागदावर दिसते. पण कंपनीने आपल्याला आधीच मोकळे केले तर पुन्हा तीच अडचण उभी राहील, म्हणून १४ जून उलटल्यावरच राजीनामा देणे मला सर्वांत सुरक्षित वाटते.

यात आपले नुकसान काही नाही. मार्चअखेरचा बोनस आणि पगारवाढ पदरात पडल्यावर बरेच जण नोकरी सोडतात आणि नव्या आर्थिक वर्षाचे अंदाजपत्रकही तेव्हाच लागू होते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये लेखा विभागांत चांगल्या जागा निघतात. शिवाय तोपर्यंत यंदाचे वार्षिक हिशेब बंद करण्याचे आणि लेखापरीक्षकांना सामोरे जाण्याचे काम आपण पार पाडलेले असेल. मुलाखतीत या अनुभवाला मोठे वजन असते.

मग जानेवारीत काय करायचे, तर स्वतःच्या कामाचा हिशेब मांडायचा. माझ्या मते संपूर्ण तयारीतला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे आणि नेमका हाच सगळे टाळतात. गेल्या वर्षातला एकेक महिना घेऊन आपण प्रत्यक्ष काय केले, ते साध्या वहीत लिहून काढा. “जीएसटीचे काम पाहिले” एवढ्या ओळीतून समोरच्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी “जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी दरमहा मुदतीत भरली, खरेदीच्या नोंदी जीएसटीआर-२बीशी जुळवून पुरवठादारांकडे अडकलेले इनपुट क्रेडिट मिळवले” (म्हणजे जीएसटीची विवरणपत्रे भरली आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळवली) असे लिहिले, तर पुढचा प्रश्न आपोआप आपल्या कामावर येतो. दरमहा किती बिलांच्या नोंदी होतात, काम टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चालते की सॅपवर, टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) आपण स्वतः भरता की फक्त तपासता, हे सारे त्या वहीत यावे. जे काम दुसऱ्याने केले आणि आपण केवळ पाहिले, ते आपल्या नावावर लिहू नका. अनुभवी मुलाखतकार दुसऱ्याच प्रश्नात ते ओळखतो. आणि रिझ्युमेसाठी आकडे हवेत म्हणून कंपनीचा ताळेबंद किंवा ग्राहकांची यादी स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, कारण तो गोपनीयतेचा भंग ठरतो.

कागदपत्रांत सर्वप्रथम भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडून पाहा. यूएएनवरील (या खात्याच्या कायम क्रमांकावरील) नाव, लिंग आणि जन्मतारीख आधारशी तंतोतंत जुळते का, हे तपासा. याआधी कुठे नोकरी केली असेल, तर तिथून बाहेर पडल्याची तारीख नोंदलेली आहे का, हेही पाहा. ती नसेल, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन नोंदवता येते. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासताना याच नोंदी रिझ्युमेतील तारखांशी ताडून पाहते, आणि तारखा जुळल्या नाहीत तर हातात आलेली नोकरी लांबणीवर पडते. नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे आणि अलीकडची पगारपत्रके एका ठिकाणी ठेवा.

शोधाची दिशाही आपल्या रोजच्या रस्त्यावरच आहे. वर्धा रोडने बुटीबोरीला जाताना लागणाऱ्या मिहान या उद्योग प्रकल्पात मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्या आहेत. हिंगणा एमआयडीसीतील जुने कारखानेही विसरू नका. लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो झाल्याने तिकडचे जाणे-येणे पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही. आपल्या कंपनीचे लेखापरीक्षण करणाऱ्या सीएंच्या कार्यालयाला अनेक कारखान्यांची आतली माहिती असते, परंतु त्यांच्याकडे शब्द टाकला तर तो आपल्या साहेबांपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून तो मार्ग जूननंतरच वापरा. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल टाकताना सध्याच्या कंपनीला ते दिसू नये यासाठी ती ब्लॉक करण्याची सोय आहे. ती न विसरता वापरा. पुण्यातून बोलावणे आले, तर वार्षिक पॅकेजच्या आकड्यावर न जाता घरभाडे व प्रवासखर्च वजा जाता महिन्याला हातात काय उरते, ते नागपूरच्या पगाराशी ताडून पाहा.

आर्थिक वर्षाच्या मध्येच नोकरी बदलणार असल्याने जुन्या ठिकाणचा पगार आणि कापलेला कर यांचा तपशील नव्या कंपनीला अवश्य द्या. तो दिला नाही, तर दोन्हीकडे स्वतंत्रपणे वजावट धरली जाते, कर कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते.

प्रश्न : माझी मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षे एमपीएससीची तयारी करत होती. आता तिला खासगी नोकरी करायची आहे. ही दोन वर्षे रिझ्युमेत दाखवावीत की लपवावीत? सीताबर्डीतील एका एजन्सीने नोंदणी आणि प्रशिक्षणाचे म्हणून ८,००० रुपये मागितले आहेत आणि संक्रांतीपूर्वी भरल्यास नेमणूकपत्राची हमी दिली आहे.
— एक आई, महाल, नागपूर

उत्तर : ताई, पैसे भरू नका. उमेदवाराकडून पैसे घेऊन नेमणूकपत्राची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचे काहीही कारण नाही; चांगल्या भरती संस्था आपले शुल्क कंपनीकडून घेतात. ज्या कंपनीचे नाव ते सांगत असतील, तिच्या अधिकृत संकेतस्थळावर ती जागा आहे का ते पाहा आणि तिथे दिलेल्या क्रमांकावर स्वतः विचारा. पैसे आधीच भरले असतील, तर पावती व सर्व संदेश जपून ठेवून पोलिसांकडे तक्रार करा. ऑनलाइन भरले असतील, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर विनाविलंब कळवा.

दोन वर्षे लपवण्याचा विचार मुळीच करू नका. “स्पर्धा परीक्षेची तयारी” एवढी एक ओळ, कालावधीसह, पुरेशी आहे, आणि नागपुरातल्या कोणत्याही मुलाखतकाराला तिचे नवल वाटणार नाही. खरी अडचण प्रयोगशाळेतल्या कामाची सवय मोडल्याची असते. मुलाखतीआधी तिला टायट्रेशन, द्रावणांची संहती काढण्याची गणिते, पीएच मीटरचे कॅलिब्रेशन आणि तिने महाविद्यालयात हाताळलेली उपकरणे यांची उजळणी करू द्या. बुटीबोरी व कळमेश्वर परिसरातील कारखान्यांच्या गुणवत्ता तपासणी विभागांत ती प्रशिक्षणार्थी म्हणून अर्ज करू शकेल. पहिल्या वर्षी विद्यावेतन कमी वाटले तरी हातात अनुभवाचे प्रमाणपत्र येत असेल, तर ती संधी सोडू नये. विद्यापीठाचे पदवी प्रमाणपत्र अद्याप घेतले नसेल, तर त्याचा अर्ज याच आठवड्यात करून टाका.