गळाचा नंबर ठरवताना आधी आमिष बघा

मासा मोठा म्हणून गळही मोठा, हा हिशोब आधी सोडा. कार्प (गोड्या पाण्यातला मासा) आमिष तोंडात ओढतो आणि काही खटकलं की लगेच थुंकतो. जड गळ त्याला चटकन कळतो. नंबर जितका जास्त, तितका गळ लहान. सुरुवातीला तीनच पुरेत:

- मक्याचा एक दाणा: १०
- दोन-तीन दाणे किंवा पाव: ८
- कणकेची मोठी गोळी: ६

कंपनीगणिक माप थोडं इकडेतिकडे होतं, त्याचं टेन्शन नको.

टोक मक्यात पूर्ण गाडू नका. नवखे हमखास हेच करतात. गळाचं टोक नखावर हलकेच ओढून बघा. रुतलं तर ठीक, घसरलं तर बदला. गळाची तार मात्र दणकट हवी, बारीक तार मोठा कार्प सरळ करतो. हेअर रिग (आमिष गळात न खोचता बारीक दोऱ्याने गळाला लटकवायची पद्धत) वगैरे नंतर बघू.