साभार परत आलेलं आधी वाच

प्रिय पोरी,

तुझी फाइल काल रात्री उघडली. १,४०० शब्दांचा लेख संपादकाने ७५० वर आणलाय आणि बदल दाखवणाऱ्या ट्रॅक चेंजेसने पान लालभडक झालंय. खाली तुझा प्रश्न, 'मी माझी शैली सोडू का?' सोबत आधीचे चार नकार, तारीखवार लावलेले. नकार तारीखवार लावणारी माणसं टिकतात, त्याची मला काळजी नाही. पण ते तू नुसते लावलेस, वाचले नाहीस.

कापलेलं वाच. एवढंच सांगायला हे पत्र आहे, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, लांबणारच.

काय गेलंय बघ. 'मानवी जीवनात झोपेला अनन्यसाधारण महत्त्व आहे' गेलं. त्यापुढचा झोपेच्या इतिहासावरचा परिच्छेद गेला. 'असो, तर मुद्दा असा' गेलं. आणि राहिलं काय? रात्रपाळीतली नर्स पहाटेचे चार वाजले हे घड्याळाकडे न बघता औषधांच्या ट्रॉलीच्या आवाजावरून ओळखते, ते वाक्य. त्यातला स्वल्पविरामसुद्धा त्याने हलवलेला नाही. तिथे तू स्वतः उभी होतीस. बाकीचं खुर्चीत बसून लिहिलेलं. आता सांग, तुझी शैली म्हणजे यातलं नेमकं कुठलं?

मी छापील मासिकांतून ऑनलाइनकडे आले तेव्हा माझ्या पहिल्याच लेखाचे पहिले तीन परिच्छेद संपादिकेने उडवले आणि समासात लिहिलं, 'लेख इथून सुरू होतो.' मी तिला दीड पानी उत्तर लिहिलं, त्याच संध्याकाळी पाठवलं आणि लेख मागे घेतला. तिने पुन्हा कधी लेख मागितला नाही. सात वर्षांनी जुन्या फायली चाळताना तो लेख सापडला. तिथूनच सुरू होत होता! आधी नुसतं नमनाला घडाभर तेल. एक मात्र सांगते, तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य खरंच चांगलं होतं. ते नंतर मी आणखी दोन लेखांत घातलं, दोन्हीकडे कापलं गेलं. ते तिघंही चुकले असं मला आजही वाटतं.

छापील अंक घेऊन माणूस निदान बसायचा. स्क्रीनवरचा वाचक दारातच उभा असतो. वेब-वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९७ मध्ये वेबवरच्या वाचनाची चाचणी घेतली, तेव्हा ७९ टक्के लोक नव्या पानावरून नुसती नजर फिरवत होते आणि शब्द न् शब्द वाचणारे १६ टक्के होते. तेव्हा तर मोबाइलवर वाचणंही सुरू झालं नव्हतं. तुझ्या संपादकाला हा वाचक रोज दिसतो, तुला दिसत नाही. तो कापतो ते या माणसासाठी. तुझा अपमान करायला त्याच्याकडे वेळ नाही.

आता ते चार नकार. पहिला ठरावीक साच्याचा, नावसुद्धा न घातलेला. त्यातून काही शिकायचं नसतं, पुढे चल. पण त्यांनी हा विषय गेल्या सहा महिन्यांत केलाय का, हे तू पाठवण्याआधी शोधलं होतंस का? पाच मिनिटांचं काम आहे. तिसऱ्यात 'हे आत्ताच का?' असं विचारलंय. तो नकार नाहीच, प्रश्न आहे, आणि तू उत्तर दिलं नाहीस! चौथा म्हणजे नुसतं मौन. दोन आठवड्यांनी एक फॉलोअप कर, तरी गप्प असतील तर मागे घेतल्याचं कळवून दुसरीकडे पाठव.

दुसरा मात्र मी तीनदा वाचला. 'हा विषय आहे, लेख नाही.' सहा शब्दसुद्धा नाहीत, पण या माणसाने तुला फुकट शिकवणी दिली आहे. 'रात्रपाळी आणि आरोग्य' हा विषय झाला. 'सलग रात्रपाळ्या करणारी नर्स सुट्टीच्या दिवशी का झोपू शकत नाही' हा लेख. पिचमध्ये, म्हणजे संपादकाला लेख सुचवतेस त्या टिपणात, हे एका वाक्यात सांगता आलं नाही, तर लेखातही येणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून गुळगुळीत पिच कुणालाही पाठवता येते. ट्रॉलीचा आवाज मात्र तिथे जाऊन ऐकावा लागतो.

सगळं निमूट मान्य कर असं नाही हं. तुझ्या फाइलमध्ये एका ठिकाणी 'काही जणींच्या बाबतीत' हे शब्द उडालेत आणि शक्यतेचं विधान ठाम झालंय. तिथे भांड. आजच्या आज, दोन ओळींत, कारण देऊन. अर्थ बदलला तर भांडायचं. लय बिघडली म्हणून भांडलीस तर मग मी आहेच, माझ्याकडे बघ. मथळ्यासाठीही जीव टाकू नकोस, तो बहुतेकदा संपादकच देतात. खोटा असेल तरच बोल. आणि मागवून घेतलेला लेख नंतर नाकारला तर किल फी, म्हणजे न छापलेल्या लेखाची भरपाई, मिळते का, हे लिहायला बसण्याआधी विचार. नंतर विचारताना आपलाच आवाज बारीक होतो.

शैली सोडू का म्हणून पुन्हा विचारू नकोस. कापलेलं एका वेगळ्या फाइलमध्ये ठेव, वर तारीख घाल. पाच लेखांनंतर ती फाइल सलग वाच. तेच ते वाक्य वेगवेगळे कपडे घालून पाच वेळा भेटेल. माझं 'वास्तविक पाहता' होतं.

त्या दुसऱ्या संपादकाला या आठवड्यात नवी पिच पाठव, एका वाक्याची. लेख झाला की मला आधी कापलेलं पाठव. छापून आलेलं मी शोधून वाचीन.

तुझी,
मावशी